हरकऱ्यांच्या मेजरची खाज

तुळसाबाईचे हात एकदा पाहिलेला माणूस दुसऱ्यांदा तिकडे बघत नसे. तळव्यांपासून मनगटांच्या वरपर्यंत काळपट डाग, मधूनच कातडी ताणून बसवल्यासारखी गुळगुळीत, आणि उजव्या अंगठ्याचे नख कायमचे वाकडे. रामदासपेठेतल्या चार बंगल्यांत ती भांडी घाशी आणि लाद्या पुशी. चारही घरच्या बायकांनी पहिल्या दिवशी तिला एकच प्रश्न विचारला होता, "हे लागट तर नाही ना गं?"

"नाही जी बाई. लहानपणचं हाय. कामाचं हाय," एवढेच ती सांगे.

कसले काम, कुठे केले, लहान पोरीचे हात असे होतात ते कशाने, हे मात्र एकीनेही विचारले नाही. लागट नाही म्हणजे भांडी घासता येतात, आणि भांडी घासता येतात म्हणजे विषय संपला. तेव्हा कोणी आणखी एक प्रश्न विचारला असता, तर पुढे एका जनावराचे पाच महिन्यांचे हाल वाचले असते. पण त्या वेळच्या रामदासपेठेत मोलकरणीला प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. सूचना द्यायची होती.

चारांपैकी सगळ्यात जास्त सूचना गोपाळराव हरकऱ्यांच्या घरी मिळत. गोपाळराव सरकारी नोकरीतून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षे त्यांनी पूल बांधले, आणि निवृत्त झाल्यावर लोकांची डोकी दुरुस्त करायला घेतली. वर्तमानपत्रांत त्यांची पत्रे येत. ग्रहण, मुहूर्त, आडवे गेलेले मांजर, यांपैकी काही ना काही त्यांच्या लेखणीखाली चिरडले जाई. दर रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात विवेक मंडळ भरे. मंडळात सहा निवृत्त गृहस्थ होते. त्यांना दोनदा चहा आणि शोभाताईंच्या हातचे पोहे लागत. शोभाताई म्हणजे गोपाळरावांची बायको. त्या सभासद नव्हत्या. बशा उचलल्या की त्यांनी आत जायचे, असा मंडळाचा अलिखित नियम होता, आणि स्त्रियांच्या अज्ञानाची चर्चा साधारण त्यानंतर सुरू होई.

गोपाळराव तुळसाबाईला अहो-जाहो करीत. ते त्यांचे तत्त्व होते. "तुळसाबाई, तुम्ही मेजरला हात लावायचा नाही," ही त्यांची पहिली सूचना. "तुमच्या हातांबद्दल माझा काही आक्षेप नाही. पण जनावर किमती आहे."

मेजर हा हरकऱ्यांचा अल्सेशियन. मुलगा पुण्याला आणि मुलगी भिलाईला गेल्यावर गोपाळरावांनी तो आणला, आणि पोटच्या पोरांची कधी केली नाही एवढी त्याची निगा केली. त्याला अंघोळ तेच घालीत, फिरायला तेच नेत. त्याच्या गळ्यातल्या रुंद कातडी पट्ट्याला दर शनिवारी तेल लावायचे कामही तेच करीत, आपल्या खोलीचे दार लावून. कातड्याची निगा हे बायकांचे काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत शहरात कुत्र्यांचे प्रदर्शन भरले आणि मेजरला कप मिळाला. त्या संध्याकाळी शेजारचे मनोहरराव कुंपणावरून म्हणाले, "काय देखणं जनावर आहे हो गोपाळराव. नजर हटत नाही." मनोहरराव कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक आणि विवेक मंडळाचेच सभासद. दुसऱ्या दिवशी मेजर चार वेळा ओकला. शोभाताई मीठ-मोहऱ्या घेऊन पुढे झाल्या. गोपाळरावांनी त्यांना तिथेच उभे करून दृष्ट ही गोष्ट कशी अस्तित्वात नाही, यावर अर्धा तास ऐकवले. डोळ्यातून काही बाहेर पडत नसते, प्रकाश आत जात असतो, वगैरे. तुळसाबाई तेव्हा त्याच खोलीची लादी पुसत होती. मोहऱ्या मुठीत धरून शोभाताई ऐकत राहिल्या आणि शेवटी मोहऱ्या फोडणीच्या डब्यात परत गेल्या.

फेब्रुवारीत मेजरला खाज सुटली.

आधी मानेला. मागचा पाय उचलून तो मान खाजवू लागला की लादीवर ढोल वाजल्यासारखा आवाज येई. मग मानेचे केस जाऊ लागले. रोज सकाळी केरात केसांचे पुंजके निघत. महिनाभरात मागच्या पायांच्या बोटांवरचे केस गेले, हनुवटी लाल झाली आणि मानेवर ओले, काळसर चट्टे पडले. ज्या जनावराने कप आणला होता, ते आता फाटकापाशी उभे राहिले की लोक रस्ता ओलांडून पलीकडून जात.

यानंतर जे उपाय झाले ते पाहून तुळसाबाईला कुत्र्यापेक्षा माणसांचीच जास्त चिंता वाटू लागली. पहिल्यांदा अंडी बंद झाली, कारण ती उष्ण. मग मटण बंद झाले. मग दूध बंद झाले, कारण कोणीतरी ते थंड असते म्हणाले. मेजर महिनाभर वरणभात खाऊन राहिला, आणि एकादशीला शोभाताईंनी चुकून त्यालाही भगर वाढली. होमिओपाथीवाले एक गृहस्थ आले, त्यांनी कुत्र्याला एकटे वाटते का, त्याला वादळाची भीती वाटते का, असे पंचवीस प्रश्न विचारून साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. मग करंजाच्या तेलात गंधक कालवून झाले. गॅरेजमधले जळके ऑइल चोपडून झाले, त्याने व्हरांड्याच्या भिंतीवर कुत्र्याच्या उंचीचा काळा पट्टा उमटला. प्रत्येक वेळी गोपाळराव पट्टा काढीत, औषध लावीत, आणि वाळले की पट्टा पुन्हा चढवीत. रविवारी मंडळाची चर्चा ऐन रंगात आली की मेजरचा पाय लादीवर आपटू लागे.

"गोपाळराव, तुमच्या कुत्र्याला आमची मतं पटत नाहीत," मनोहरराव म्हणाले.

"लूत असेल," दुसरे एक गृहस्थ म्हणाले.

लूत हा शब्द गोपाळरावांना फार लागला. लूत गल्लीतल्या बेवारशी कुत्र्यांना होते. कप मिळवलेल्या कुत्र्याला व्हायची तर तिला निदान इंग्रजी नाव तरी हवे.

शेवटी एप्रिलमध्ये ते मेजरला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर विश्वनाथ धोटे वयाने तिशीचे आणि कमी बोलणारे. त्यांनी मानेची कातडी पात्याने खरवडली, काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. असे तीन ठिकाणी केले. "लुतीचे किडे नाहीत," ते म्हणाले. "पिसवा नाहीत. बुरशीही दिसत नाही. दहा दिवस इथे ठेवा, बघू."

दवाखान्यात जनावराला दवाखान्याचीच साखळी घालीत. पट्टा गोपाळराव घरी घेऊन आले आणि खुंटीला टांगला. दहा दिवसांत मेजरची खाज थांबली. चट्टे वाळले, मानेवर कोवळी लव दिसू लागली. डॉक्टरांनी फक्त साधे मलम लावले होते.

"माझ्या औषधाने हा बरा झालेला नाही," त्यांनी गोपाळरावांना सांगितले. "तुमच्या घरात काहीतरी आहे, ते याच्या कातडीला लागतं आहे. ते इथे नव्हतं म्हणून तो बरा झाला. एकेक गोष्ट वगळत जा, सापडेल."

घरी येऊन आठ दिवसांत मेजर पुन्हा लादीवर ढोल वाजवू लागला.

वगळायचे काम गोपाळरावांनी सरकारी पद्धतीने केले. कागदावर तक्ता आखला. आधी फिनाईल बंद झाले, आठ दिवस. मग साबण, आठ दिवस. मग मेजरची गादी जाळली. मग दारांवरच्या वाळ्याच्या टट्ट्या काढल्या, तेही नागपूरच्या मे महिन्यात. शोभाताई दुपारभर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसत. तक्त्यातल्या एकेका ओळीवर काट पडत गेली, आणि जूनच्या सुरुवातीला शेवटची एकच ओळ उरली. त्या ओळीत लिहिले होते : मोलकरणीचे हात.

"हे बघा तुळसाबाई, यात वैयक्तिक काही नाही," गोपाळराव म्हणाले. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली होती. बागकामाने बोटे सोलवटली आहेत असे ते दोन-तीन महिने सांगत होते. "कुत्रा दहा दिवस तुमच्यापासून दूर होता, दहा दिवस बरा होता. तुमच्याजवळ आला, पुन्हा आजारी पडला. याला अनुमान म्हणतात."

"पण साहेब, मी तं त्याले कधी हात नाही लावला. तुमीच सांगितलं होतं."

"लादीला लावता ना?"

"लादीवर तं तुमीही चालता जी. तुमाले काहून नाही खाज?"

गोपाळरावांनी चिंधीची बोटे पाठीमागे घेतली आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. त्यांनी ती बोटे मागे घेतली हे तुळसाबाईच्या ध्यानात राहिले, पण का, ते तेव्हा कळले नाही.

एका घरचे काम सुटले असते तर तिने चार दिवस शिव्या दिल्या असत्या आणि पाचवे घर शोधले असते. पण अनुमान घरात बसत नाही. रविवारी ते मंडळात सांगितले गेले, सोमवारी ते कोपऱ्यावरच्या प्रेमलताबाईंकडे पोहोचले, आणि मंगळवारी प्रेमलताबाईंनी फाटकातूनच सांगितले, "थोडे दिवस राहू दे गं तुळसा. लेकरं लहान आहेत आमच्या घरी." उरलेल्या दोन बंगल्यांनी तर फाटकही उघडले नाही.

पाचपावलीतल्या घरी तिचा नवरा जागेश्वर वाट बघत होता. जागेश्वर जातीचा विणकर. माग गेला तेव्हापासून तो बाजारात कापडाच्या गाठी वाही.

"पहिल्यांदाच दुपारी घरी दिसून राहिली वं," तो म्हणाला. "सुट्टी भेटली का पेन्शन?"

तिने सगळे सांगितले. जागेश्वरने विडी जमिनीवर चुरडली.

"दुसरी घरं धर. धरमपेठेत धर."

"कोन देईन? काम गेलं तं दुसरं भेटते गा. पन खाजवाली म्हणून नाव पडलं ना, तं कोनी माह्या हाती चमचा नाही देनार. थे नाव माह्या आंगोदर धरमपेठेत जाते."

ते खरे होते, आणि जागेश्वरलाही माहीत होते.

हरकऱ्यांच्या परसात तिचे एक जुने लुगडे आणि डबा राहिला होता. बुधवारी ती ते आणायला गेली. शोभाताई आत शोधत होत्या तेवढा वेळ ती धुण्याच्या दगडावर बसली. मेजर मोकळाच होता. तो हळूहळू आला, तिच्याकडे पाहिले, आणि सोललेली मान तिच्या डाव्या हातावर टेकून त्याने डोळे मिटले. तीन वर्षांत ते दोघे पहिल्यांदा एकमेकांना शिवले होते. तुळसाबाईने त्याला ढकलले नाही. आता कोणती सूचना मोडायची राहिली होती?

"बाप्पा, तुले तं लयच भोगाव लागून राहिलं," ती म्हणाली, आणि पट्ट्याखाली बोट घालून तिने त्याला थोडे खाजवले.

गुरुवारी संध्याकाळी तिच्या डाव्या हातावर आणि उजव्या बोटाच्या पेरावर खाज सुटली. शुक्रवारी सकाळी पाहते तर हातावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांची रांग, आणि फोडांच्या मुळाशी काळपट रेघ.

तुळसाबाई चुलीपुढे बसल्या जागी हसली. जागेश्वरला वाटले, बाईचे डोके फिरले.

हे फोड ती नावानिशी ओळखत होती. तिचे माहेर पारशिवनीकडचे. तिकडच्या जंगलात भिलाव्याची झाडे. भिलावा म्हणजे बिबा, ते काळे, चकचकीत, हृदयाच्या आकाराचे फळ. बाप बिबे वेचून आणी, आणि व्यापाऱ्याच्या छपरीत बायका-पोरी ते फोडीत. गरम राखेत टाकायचे, दगडाने ठेचायचे, आत बदामासारखी गोडंबी निघते ती वेगळी काढायची. ठेचताना काळे तेल उडते. ते कुणाला सोसते, कुणाला उतते. ज्याला उतते त्याच्या अंगावर फोड उठतात, खाज सुटते, कातडी जाते, आणि ज्याला एकदा उतले त्याला पुढच्या वेळी नुसता स्पर्श पुरतो. तुळसाबाईला नवव्या वर्षी उतला. तरी लग्न होईपर्यंत, सोळाव्या वर्षापर्यंत, ती त्या छपरीत बसत होती. गोडंबी मग नागपूरला येई आणि बाळंतिणीच्या लाडवांत पडे. प्रेमलताबाईंनी दोन बाळंतपणांत मिळून शेरभर तरी खाल्ली असेल. ज्या हातांनी ती सोलली, त्या हातांना मात्र त्यांच्या फाटकात यायला आता बंदी होती.

तर हा बिबा. पण बिबा हरकऱ्यांच्या घरात आला कुठून? तिला आधी धोब्याची शंका आली, धोबी कपड्यांवर खूण बिब्यानेच करतात. पण मेजरची गादी कधीच जळली होती, आणि तिच्या हाताला लागली होती ती फक्त त्याची मान. मानेवर काय होते? पट्टा. उजवे बोट तर तिने पट्ट्याखालीच घातले होते. दवाखान्यात पट्टा खुंटीवर होता तेव्हा खाज नव्हती. हनुवटीला आणि मागच्या पायांना का लागले, तेही समजले. मान खाजवतो तो पाय, आणि तो पाय चाटते ते तोंड. आणि मेजर सगळ्यात जास्त खाजवी तो रविवारी, म्हणजे पट्ट्याला तेल लावल्याच्या दुसऱ्या दिवशी.

"कसलं तेल असन थे?" जागेश्वरने विचारले.

"तेलाचं नाव सांगाले साहेबच लागतीन," ती म्हणाली.

रविवारी विवेक मंडळात डॉक्टर धोट्यांचे व्याख्यान होते. पाळीव जनावरांविषयीच्या अंधश्रद्धा, असा विषय गोपाळरावांनीच दिला होता. पोह्यांच्या बशा नुकत्याच आत गेल्या होत्या. तुळसाबाई परसदारातून आली. शोभाताईंनी तिचा पदरच धरला.

"कुठे चालली? ते ओरडतील. तुला यायला नाही सांगितलं ना."

"तुमाले बोलणं नाही खाव लागनार बाई. सोडा."

ती व्हरांड्याच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. डॉक्टर बोलता बोलता थांबले. मेजर कोपऱ्यात मान खाजवत होता.

"डाक्टरसाहेब, याच्या गळ्यातला पट्टा काढून पाहा जी."

"तुळसाबाई, इथे सभा चालू आहे," गोपाळराव म्हणाले.

"चालू द्या. मी थांबतो." बायका स्वतःबद्दल करतो-जातो असेच बोलत, तिच्या माहेरी. तिने डावा हात पुढे केला. "डाक्टरसाहेब, माह्या हाताचे हे जुने डाग पाहू नका, हे नवे फोड पाहा. बुधवारी याची मान हितं टेकली होती. हा बिबा उतला हाय. मले लहानपणापासून उतते, मले चुकत नाही."

डॉक्टरांनी चष्मा वर करून हात पाहिला. मग ते मेजरजवळ गेले.

"पट्टा कशाला काढायचा," गोपाळराव उठून म्हणाले, "परदेशी कातडं आहे, बक्कल नाजूक आहे."

"मी तेरा दिवसांपूर्वी गाईच्या पोटातून खिळा काढला," डॉक्टर म्हणाले. "बक्कल काढेन."

पट्टा निघाला. आतल्या बाजूला, कातड्याच्या दोन थरांमध्ये, मोच्याकडून शिवून घेतलेला एक छोटा चोरखिसा होता, चाप-बटणाचा. डॉक्टरांनी तो चिमट्याने उघडून टेबलावर उपडा केला. तारेने आरपार टोचलेला एक बिबा टपकन चहाच्या कपांशेजारी पडला. टोचलेल्या भोकातून अजून तेल पाझरत होते. लिंबू-मिरचीच्या माळेत असतो तसलाच, सीताबर्डीच्या रस्त्यावर दर शनिवारी मिळतो तो.

सहा विवेकी माणसे त्याच्याकडे पाहत राहिली. मग एकाच वेळी सगळ्यांनी माना वळवल्या, आणि दारात उभ्या असलेल्या शोभाताईंकडे पाहिले. दृष्टीसाठी बिबा बांधायचा म्हणजे तो बाईनेच बांधला असणार. गोपाळरावांनीही मान वळवली. आपल्या बायकोकडे ते इतक्या दुःखी नजरेने पाहू लागले की, कोणालाही वाटावे, या माणसाने घरात किती सोसले असेल.

शोभाताईंना समजायला थोडा वेळ लागला.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी कशी बांधू? पट्ट्याला हात तरी लावू देतात का मला? दर शनिवारी तेल लावायला दार बंद करून हे..." आणि तिथे त्या थांबल्या. इतक्या वर्षांच्या सवयीने थांबल्या. पण वाक्य तोपर्यंत घरभर झाले होते.

"तेल होतंच की आत," मनोहरराव म्हणाले. "खोटं नाही बोलले गोपाळराव."

मनोहररावांनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि ही बोटं? चिंधीतली? तार टोचताना उडालं वाटतं."

"हा एक प्रयोग होता," गोपाळराव म्हणाले.

"कशाचा?"

गोपाळरावांनी उत्तरासाठी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर पट्टा वर्तमानपत्रात गुंडाळत होते. ज्या पानात गुंडाळला त्यावर कोणाचे पत्र होते हे बघायची दया त्यांनी केली नाही. "मान साबणाने धुवा," ते म्हणाले, "आणि..." मग ते तुळसाबाईकडे वळले. "तुमच्याकडे काय लावतात यावर?"

"खोबरेल लावा जी. तिळही वाटून लावतात. पट्टा जाळू नका, धुराची बाधा होते. गाडून टाका."

"तसंच करा," डॉक्टर म्हणाले. व्याख्यान पुढे झाले नाही.

आषाढात मेजरच्या मानेवर केस आले. तोपर्यंत कॉलनीत बातमीही फिरली होती, पण गोपाळरावांनी तिला अंघोळ घालून, केस विंचरून बाहेर सोडले होते. मेजरला एका वनस्पतिजन्य पदार्थाची ॲलर्जी होती, ती डॉक्टर धोट्यांनी शास्त्रीय पद्धतीने शोधून काढली, असे ते सांगत. वनस्पती कोणती आणि ती कुत्र्याच्या गळ्यात चढली कशी, हे त्यात नव्हते. तुळसाबाईचे हात निर्दोष होते, हेही नव्हते. त्यामुळे प्रेमलताबाईंचे फाटक अजून बंदच होते.

एका सकाळी शोभाताईंनी माणूस पाठवून तिला बोलावले. "ये आता कामाला. झालं गेलं."

"काय झालं आन् कुठी गेलं बाई? तिन्ही घरं तं माह्या नावानं फाटक लावून बसली हाय. साहेबांनी नाव घातलं, साहेबांनीच काढाव. माह्यासंग या म्हणा तिन्ही घरी."

"ते नाही यायचे गं."

"मग मी जातो. बिबा तुमी बांधला होता असंच काही लोकं अजून समजून राहिले, माहीत हाय का? रस्त्यात ऐकलं मी."

शोभाताई आत गेल्या. आत काय बोलणे झाले ते कोणाला माहीत नाही. दहा मिनिटांनी गोपाळराव कोट घालून बाहेर आले. जुलै महिन्यात कोट.

प्रेमलताबाईंच्या फाटकाशी त्यांनी घसा साफ केला. "काय आहे, की मेजरला एका पदार्थाची ॲलर्जी निघाली. वनस्पतिजन्य."

"अगबाई," प्रेमलताबाई म्हणाल्या. "म्हणजे हिच्या हातांची?"

"छे, छे. तसं नाही."

"मग कशाची?"

गोपाळराव फाटकावरच्या मधुमालतीकडे पाहू लागले.

"बिबा म्हणा साहेब," तुळसाबाई मागून म्हणाली. "आन् कोनाचा थेही सांगा."

"बिबा होता," गोपाळराव म्हणाले. "मी... बांधला होता."

"तुम्ही?" प्रेमलताबाईंना ते इतके आवडले की त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावले. मग फाटक उघडले.

दुसऱ्या घरी तुळसाबाईला एकदाच खाकरावे लागले. तिसऱ्या घरी पोहोचेपर्यंत गोपाळरावांना सराव झाला होता. कडू औषध एका घोटात संपवावे तसे ते फाटकातूनच बोलून मोकळे झाले, आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना वर बसवून विचारले की मग आता दृष्टीसाठी काय बांधता.

परतताना रस्त्यात ते म्हणाले, "उद्या सातला या मग. शोभाला एकटीला लादी होत नाही."

"नाही जी साहेब," तुळसाबाई म्हणाली. "तुमच्या घरचं काम नको. मले बिबा उतते."